मुठीमुठीनं उभी राहिलेली शाळा

(दृश्य : पहाटेचा अंधार. जात्याची घरघर. सुपात जोंधळा.)

दळायला बसायच्या आधी सुपातला एक मूठ जोंधळा उचलायचा आणि शेजारच्या गाडग्यात टाकायचा. मग जातं फिरवायचं. हे रोजचं. सण असो, घरात पाहुणे असोत, मूठ चुकवायची नाही. आठवडा भरला की बोर्डिंगची पोरं दारात यायची. गाडगं त्यांच्या पोत्यात रितं व्हायचं आणि पुन्हा जात्याशेजारी जाऊन बसायचं.

कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेच्या बोर्डिंगसाठी काढलेल्या या मुठीला म्हणायचे मुष्टिफंड.

(दृश्य : हाताचा क्लोजअप.)

जुन्या सवयीचा हा हात आम्ही मुद्दाम जवळून टिपला आहे. मूठ भरताना चार दाणे बोटांच्या फटीतून खाली सांडले. मावशींनी ते वेचले आणि गाडग्यात टाकले. सुपात परत नाही टाकले. मूठ एकदा उचलली की ती शाळेची झाली, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

हिशेब करून बघू. एका मुठीत साधारण तीस-पस्तीस ग्रॅम जोंधळा मावतो. महिन्याला एका घरातून किलोभर. गावात शंभर उंबरे धरले तर क्विंटलभर धान्य. वाढत्या वयाच्या पोराला दिवसाला अर्धा किलो लागतं असं मानलं, तर शंभर घरांच्या मुठींवर सहा-सात पोरांची महिनाभराची भाकरी निघते. घरात ती मूठ कुणाला जाणवतही नाही. आणि तिकडे सहा-सात पोरं गुरांमागे न जाता वर्गात बसतात.

(दृश्य : काले गावाची वेस, शेतं, दूरवर डोंगर.)

कऱ्हाडजवळचं हे काले गाव. ४ ऑक्टोबर १९१९, विजयादशमी. सत्यशोधक समाजाची परिषद इथं भरली होती आणि त्या परिषदेत भाऊराव पायगोंडा पाटील यांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. वय बत्तीस. जन्म कुंभोजचा, कोल्हापूर जिल्ह्यातला. शिक्षण कोल्हापुरात, राजर्षी शाहू महाराजांच्या सावलीत. तिथंच जातिभेदाची चीड आणि वसतिगृहाची कल्पना या दोन्ही गोष्टी त्यांच्या मनात रुजल्या.

पोटासाठी त्यांनी साताऱ्यात शिकवण्या केल्या, म्हणून लोक त्यांना पाटील मास्तर म्हणत. पुढं किर्लोस्करांचा लोखंडी नांगर विकत ते खेडोपाडी हिंडले. या हिंडण्याचं महत्त्व आमच्या मते फार मोठं आहे. नांगर विकायला जाणारा माणूस शेतकऱ्याच्या ओसरीवर बसतो. त्याचं कर्ज, त्याची जमीन, त्याची पोरं, सगळं पाहतो. पोरगं हुशार आहे पण तालुक्याला ठेवायचं कुठं, खायला घालायचं काय, हा प्रश्न भाऊरावांनी कागदावर वाचला नव्हता, अशा ओसऱ्यांवर ऐकला होता. म्हणूनच त्यांनी सुरुवात इमारतीपासून केली नाही. आधी राहायची आणि जेवायची सोय, मग शाळा.

(दृश्य : जुनं छायाचित्र. पांढरी दाढी, खांद्यावर घोंगडी, हातात काठी, अनवाणी पाय.)

हे अण्णा. पोरं त्यांना याच नावानं हाक मारत.

(दृश्य : सातारा. अजिंक्यतारा. धननीचा बाग, जुन्या भिंती, वडाचं झाड.)

१९२४ साली संस्थेचं ठाणं साताऱ्याला आलं आणि इथं बोर्डिंग सुरू झालं. आज खासगी शाळा म्हटलं की आधी फी किती हे विचारलं जातं. ही देखील खासगी शाळाच होती. सरकारची नव्हती, कुणा राजाची नव्हती. पण इथं प्रवेश घेताना पोराला विचारलं जायचं ते वेगळंच : काम करशील का?

बोर्डिंगमधला दिवस कसा जायचा ते सविस्तर सांगायला हवं, कारण सगळी शिकवण त्या दिनक्रमातच होती. उजाडायच्या आत उठायचं. पाणी भरायचं. दळण पोरांनीच दळायचं, भाकरी पोरांनीच थापायच्या. सरपण आणायचं, झाडलोट करायची, शेतात राबायचं आणि मग अभ्यास. स्वयंपाकाच्या पाळ्या लागत. पाळी कुणाची आहे हे पाहिलं जायचं, जात पाहिली जात नसे. मराठ्याचं पोर, महाराचं पोर, मुसलमानाचं, जैनाचं, सगळी एका पंगतीला. एकाच तव्यावरची भाकरी.

हे १९२४ सालचं सातारा आहे. ज्या गावांतून ही पोरं आली, तिथं पाणवठे वेगळे होते. देवळाच्या पायरीपुढं काहींना जाता येत नव्हतं. तीच पोरं सुट्टीत घरी जाऊन सांगत असतील, मी कुणाच्या हातची भाकरी खाल्ली ते. आईबापांनी काय म्हटलं असेल, शेजारपाजाऱ्यांनी काय म्हटलं असेल! तरी पोरं परत आली आणि गावांनी गाडगी भरून ठेवली.

२५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी इथं आले आणि त्यांच्या हस्ते या वसतिगृहाचं नामकरण झालं : श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस. सगळ्या जातींची पोरं एकत्र राहतात, एकत्र रांधतात, एकत्र जेवतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आणि मोकळ्या मनानं वाखाणलं.

(दृश्य : लक्ष्मीबाईंचं छायाचित्र.)

लक्ष्मीबाई वहिनी, अण्णांच्या पत्नी. अण्णा वर्गणीसाठी गावोगाव फिरत असत तेव्हा घरची आणि बोर्डिंगची पोरं सांभाळायच्या त्या. अंगावरचे दागिने एकेक करून गेले. एका सणाच्या दिवशी कोठीत दाणा नव्हता आणि अण्णा परगावी होते, तेव्हा त्यांनी मंगळसूत्र दिलं. १९३० साली त्या गेल्या.

(इथं निवेदन थांबेल. छायाचित्र पुरेसा वेळ पडद्यावर राहू द्यावं.)

(दृश्य : खडकाळ माळ. कुदळी. दगडी बांधकामाच्या भिंती.)

धान्य गावांनी दिलं. श्रम पोरांनी दिले. साताऱ्याच्या कडेची पडीक जमीन मिळाली की पोरं कुदळी-फावडी घेऊन तिच्यावर तुटून पडायची. दगड वेचायचे, बांध घालायचे, खड्डे खणायचे. खडकाळ माळावर पीक काढणं म्हणजे काय हे शेतकऱ्याच्या पोराला शिकवावं लागत नाही, पण इथं त्या घामाचा हिशेब व्हायचा आणि त्यातून त्याचं शिक्षण व्हायचं. फुकट कुणी काही घेत नव्हतं. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे शब्द संस्थेच्या बोधचिन्हाबरोबर आजही लिहिले जातात.

जून १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झालं. राहून शिकायचं, श्रम करून शिकायचं, फी नाही. जून १९४७ मध्ये, स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, छत्रपती शिवाजी कॉलेज उभं राहिलं, तेही याच पद्धतीचं. कुणब्याच्या पोरानं बी.ए. व्हायचं तर बापानं जमीन विकायला नको, एवढी साधी गोष्ट. पण ती घडवून आणायला तीस वर्षं खपावं लागलं.

या कॉलेजच्या नावाची एक गोष्ट साताऱ्यात अजून सांगतात. एका धनिकानं मोठी देणगी देऊ केली, अट एवढीच की कॉलेजला आपल्या घराण्याचं नाव द्यावं. अण्णांनी देणगी परत पाठवली. शिवछत्रपतींचं नाव बदलणार नाही, हे त्यांनी ज्या कडक शब्दांत सांगितलं ते इथल्या पोराटोरांनाही पाठ आहे. आम्हाला या गोष्टीत मुष्टिफंडाचंच बळ दिसतं. ज्या संस्थेमागे हजारो गाडगी आहेत, तिला एका थैलीपुढं वाकायची गरज पडत नाही.

वाकायला लावणारे प्रसंग आले नाहीत असं नाही. गांधीजींच्या हत्येनंतरच्या काळात अण्णांच्या परखड बोलण्यावरून सरकारी अनुदान थांबलं. शेकडो शाळांचे पगार अडले. लोक पुन्हा पुढं आले, आणि काही काळानं अनुदानही सुरू झालं.

(दृश्य : जुनी एकखोली शाळा. कौलं. फळा.)

प्राथमिक शाळा नसलेल्या वाड्यावस्त्यांवर संस्थेनं व्हॉलंटरी शाळा काढल्या. जागा म्हणजे देऊळ, चावडी, कुणाची तरी ओसरी. मास्तर बहुतेक वेळा संस्थेच्याच अध्यापक विद्यालयात तयार झालेला, म्हणजे बोर्डिंगमध्ये गावाच्या मुठींवर वाढलेला पोरगाच. तो परत गावात जाऊन उभा राहिला. अशा ५७८ शाळा उभ्या केल्या आणि पुढं त्या स्कूल बोर्डाकडे सोपवून टाकल्या. स्वतः वाढवलेलं असं देऊन टाकणं सोपं नसतं. संस्थेनं ते केलं आणि माध्यमिक शाळांकडे वळली. गांधीजींच्या स्मरणार्थ १०१ हायस्कुलं काढायचा संकल्प अण्णांनी सोडला होता. ९ मे १९५९ रोजी ते गेले तेव्हा संस्थेच्या माध्यमिक शाळांनी शंभरी ओलांडली होती. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळालं होतं.

शिक्षकांच्या देण्याबद्दल एक वाक्य तरी बोललंच पाहिजे. आजीव सेवक म्हणून अनेकांनी आपलं उभं आयुष्य बेताच्या पगारावर या संस्थेला दिलं. बोर्डिंगचेच विद्यार्थी असलेले बॅरिस्टर पी. जी. पाटील विलायतेहून परतले ते याच कामात राहिले आणि पुढं शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. प्रा. एन. डी. पाटील यांनी संस्थेच्या कॉलेजात शिकवलं आणि पुढं ते संस्थेच्या चेअरमनपदापर्यंत पोहोचले.

आज संस्थेच्या ७०० हून अधिक शाखा आहेत आणि ४ लाखांहून अधिक विद्यार्थी.

(दृश्य : सकाळ. कॉलेजची रोपवाटिका. पाइप धरलेली मुलगी. मागे दोघं कुंड्या उचलत आहेत.)

श्रम करून शिकायची हीच रीत, कमवा आणि शिका या नावाची योजना म्हणून, आज राज्यातल्या अनेक महाविद्यालयांत चालते. काम बदललं आहे. दगड फोडायचे नाहीत. रोपवाटिकेत पाणी द्यायचं, ग्रंथालयात पुस्तकं लावायची, कार्यालयात नोंदी करायच्या, वसतिगृहाच्या खाणावळीत मदत करायची. तासांची नोंद वहीत होते, वहीवर सही होते आणि महिन्याला पैसे हातात पडतात.

या मुलीकडे पाहा. तिच्या ओढणीची गाठ कमरेला घट्ट मारलेली आहे आणि पाइपचं तोंड तिनं अंगठ्यानं अर्धं दाबून धरलं आहे, म्हणजे धार फुटते आणि रोपाच्या बुडाची माती वाहून जात नाही. हे तिला कॉलेजनं शिकवलेलं नाही, घरून आलेलं आहे. कॉलेजनं एवढंच केलं की त्या हाताला मोल दिलं. दहा मिनिटांत ती पाइप गुंडाळून ठेवील, हात धुईल आणि पहिल्या तासाला बसेल. वर्गात तिच्या शेजारी बसणाऱ्यांपैकी कितीतरी जणी तिच्यासारख्याच सकाळी राबून आलेल्या आहेत. त्यात कुणाला लाज वाटत नाही. अण्णांच्या पंगतीत जे घडत होतं ते हेच होतं, असं आम्हाला चित्रीकरण करताना फार प्रकर्षानं जाणवलं.

(दृश्य : २२ सप्टेंबर. कर्मवीर जयंतीची मिरवणूक. लेझीम, झांजा, घोषणा.)

दरवर्षी २२ सप्टेंबरला, अण्णांच्या जयंतीला, शाखाशाखांतून मिरवणुका निघतात. लेझमीचा ताल चुकवत पुढं पळणारी ही पाचवीतली पोरं, त्यांच्यामागे गणवेशाच्या सरळ रांगा, आणि रस्त्याच्या कडेला उभी असलेली जुनी माणसं. यांतली कितीतरी माणसं याच शाळांत शिकली.

(दृश्य : प्रवेशाची खिडकी. अर्ज भरणारे विद्यार्थी, पालक.)

शेवटी एक काम सांगायचं आहे, आणि ते खेड्यातून शहरात शिकायला निघालेल्या मुलामुलींना आणि त्यांच्या आईवडिलांना. जूनमध्ये प्रवेश घेताना फीची पावती फाडायच्या आधी खिडकीवर विचारा, इथं कमवा आणि शिका योजना आहे का, नाव कुठं नोंदवायचं, जागा किती आहेत. जागा मोजक्याच असतात आणि लवकर भरतात. वसतिगृहाचा अर्ज त्याच दिवशी मागून घ्या. आणि जे या शाळांतून शिकून आज मिळवते झाले आहेत, त्यांनी आपल्या गावच्या शाळेत एकदा जाऊन मुख्याध्यापकांना विचारावं, यंदा वसतिगृहाच्या कोठीत काय कमी आहे.