पातळ शिलारसाचे डोंगर

[दृश्य : इंदूरजवळचं शेत, अर्धवट खणलेली विहीर]

आपल्या माळव्यात विहीर खणायला घ्या. काळी माती सरते, मुरूम सरतो आणि पहार खणकन् वाजते. लागला काळा फत्तर! म्हणजेच बेसाल्ट. एक तुकडा उचलून नीट बघा. बारीक भोकं दिसतील. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी हा दगड वाहत होता, तेव्हा त्यात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांच्या या जागा. काही भोकांत नंतर पांढरे स्फटिक भरले.

[दृश्य : हवाई, वाहता लाव्हा]

असाच दगड आज ताजा तयार होतो तो हवाई बेटांवर, ढाल-ज्वालामुखींच्या, म्हणजे उपड्या ढालीसारख्या पसरट ज्वालामुखींच्या, अंगावर. शिलारसाचा, म्हणजे वितळलेल्या दगडाचा, स्वभाव मुख्यतः त्यातली सिलिका (वाळूतलं मुख्य द्रव्य) ठरवते. ती 70 टक्क्यांच्या घरात गेली की रस दाटतो, वायू आत कोंडतो आणि डोंगराचा माथा उडू शकतो. हवाईच्या रसात ती जेमतेम 50 टक्के. शिवाय तापमान 1,100 अंश सेल्सिअसच्या वर. रस पातळ, वायूला वाट मोकळी. कधी लाव्हाची कारंजी उडतात, पण एरवी रस मुकाट्याने उताराला लागतो.

वाहता वाहता त्याचा पृष्ठभाग थिजतो आणि दुधावरची साय बोटाने ढकलावी तशा त्याला सुरकुत्या पडतात. खाली बोगद्यातून मात्र गरम रस कित्येक किलोमीटर जातो. म्हणून हे डोंगर उंचीपेक्षा पसरतात जास्त. हवाईचा मौना लोआ ज्वालामुखी समुद्रसपाटीपासून 4,169 मीटर उंच, पण उतार इतका सौम्य, की लांबून तो डोंगर वाटतच नाही.

सौम्य म्हणून गरीब समजू नका. 2018 साली हवाईच्याच किलाउएआ ज्वालामुखीच्या लाव्ह्याने सातशेच्या वर घरं गिळली. माणसांना निघायला वेळ मिळाला, एवढंच.

[दृश्य : पाताळपाणीचा कडा]

मग माळव्यात असा डोंगर का नाही? कारण माळव्याचा दगड ज्याचा भाग आहे, तो दख्खनचा बहुतेक लाव्हा एका तोंडातून नव्हे, जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून आला. थरावर थर चढले, त्यांचं पठार झालं. देवास जिल्ह्यात कावडिया पहाडावर तर दगडाचे कोनदार खांब रचून ठेवल्यासारखे पडलेत. लोककथा ते काम भीमाच्या नावावर टाकते. प्रत्यक्षात लाव्हा निवताना आकसला, तडकला आणि तडे खोलवर गेले.