खंड्याच्या समाधीपर्यंत

डिसेंबरातल्या एका सकाळी साडेसातच्या सुमारास आम्ही साताऱ्याहून कोरेगावच्या रस्त्याला लागलो, तेव्हा मागे अजिंक्यताऱ्याच्या माथ्यावर ऊन आले होते आणि खाली रस्त्यावर मात्र धुके होते. बरोबर मोत्या होता. साधा गावठी कुत्रा. थंडीत त्याच्या चालीला वेग येतो, आणि उसाची ट्रॉली गेली की मागे सांडलेले प्रत्येक टिपरू त्याला हुंगावे लागते. त्यामुळे जेमतेम 5 किलोमीटरच्या या वाटेला आम्हाला दीड तास लागला.

कृष्णा आणि वेण्णा जिथे मिळतात, ते हे संगम माहुली. 18व्या शतकात श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी बांधलेले विश्वेश्वराचे मंदिर घाटावर उभे आहे आणि समोरच्या तीरावर रामेश्वर दिसतो. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे हे याच माहुलीचे. देवळात कुत्र्याला नेत नाहीत, म्हणून आम्ही आळीपाळीने दर्शन घेतले. मोत्याने शेवटच्या पायरीवरून पाण्यात एक पंजा घातला आणि चटका बसावा तसा मागे घेतला. काळ्या दगडावर उमटलेला तो ओला ठसा त्या गारठ्यात बराच वेळ वाळला नाही.

हा परिसर सातारच्या राजघराण्याच्या समाध्यांचा आहे. महाराणी येसूबाई आणि महाराणी ताराबाई यांच्या समाध्या इथेच आहेत. बालपणापासून मोगलांच्या कैदेत राहिलेले, 1707 मध्ये सुटलेले आणि 1708 मध्ये साताऱ्यात राज्याभिषेक झालेले छत्रपती थोरले शाहू महाराज 15 डिसेंबर 1749 रोजी वारले. त्यांची समाधीही इथेच. आम्ही गेलो ते दिवस नेमके त्यांच्या पुण्यतिथीच्या आसपासचे होते, हे आमच्या ध्यानात आले ते घाटावर पोहोचल्यावर.

आम्ही मात्र आलो होतो ती आणखी एक समाधी पाहायला. शाहू महाराजांचा लाडका कुत्रा खंड्या याची ती. शिकारीत वाघापासून त्याने महाराजांचे प्राण वाचवले, त्यावर महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला आणि पुढे एकदा भर दरबारात त्याला जरीची वस्त्रे व दागिने घालून स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली, अशी कथा सांगतात. कथेत थोडी भर पडली असेलही. परंतु छत्रपतींच्या समाधीच्या परिसरात कुत्र्यासाठी दगड घडवला गेला, एवढे तर डोळ्यांना दिसते.

त्या दगडी कुत्र्यापाशी मोत्या थांबला. त्याने तो एका बाजूने हुंगला, मग दुसऱ्या बाजूने, आणि त्यातून काहीच हाती न लागल्यामुळे शेजारी उन्हाचा जो तुकडा पडला होता, त्यावर अंग मुडपून बसला. हाक मारली तरी तो उठेना. तेव्हा कॅमेरा तसाच चालू ठेवून आम्हीही चौथऱ्याखाली बसलो आणि थर्मासमधला चहा काढला.