डबा, झाकण आणि नोंदवही

(पडद्यावर: जमिनीवर बसलेलं बाळ, दोन पायांच्या मध्ये झाकणाचा छोटा डबा. पहिली ४० सेकंदं निवेदन नाही. फक्त खोलीतले आवाज.)

हे बाळ ११ महिने ६ दिवसांचं आहे. आत्ता तुम्ही जे पाहिलंत, ते दोन जणांनी आपापल्या वहीत टिपलं आहे. पहिल्या वहीत एवढंच आहे: "बाळ डब्याशी छान खेळलं. हुशार आहे, चिकाटी आहे."

दुसऱ्या वहीत असं आहे:

"१०.२०. आधाराशिवाय बसलंय. उजव्या हाताने झाकण ओढतं, निघत नाही. डाव्या तळव्याने डबा दाबून धरतं, उजव्याने पुन्हा ओढतं. झाकण निघतं. डब्यात वाकून बघतं. झाकण तोंडात, साधारण ३ सेकंद. झाकण डब्यावर ठेवतं, उलटं. तळव्याने दोनदा दाबतं. बसत नाही. आईकडे बघतं, 'अं' म्हणतं, परत डब्याकडे बघतं, परत आईकडे. आई गप्प. झाकण पुन्हा उलटंच ठेवतं, दाबतं. झाकण घरंगळतं. बाळ रांगत त्याच्या मागे."

पहिली नोंद खोटी नाही. पण सहा महिन्यांनी ती उघडली तर हातात काहीच लागणार नाही. छान, हुशार, चिकाटी हे तिन्ही शब्द लिहिणाऱ्याच्या मनातले आहेत. बाळाने काय केलं, ते त्यात कुठेच नाही. दुसऱ्या नोंदीत विशेषण जवळपास नाही, सगळी क्रियापदं आहेत: ओढतं, दाबतं, बघतं, ठेवतं. निरीक्षणाची वही क्रियापदांवर चालते.

(पडद्यावर: तोच प्रसंग, हळू गतीने. हातांवर रोख.)

आता अर्थ लावू. डावा हात डबा धरून ठेवतोय आणि उजवा झाकण ओढतोय. दोन हात दोन वेगळी कामं करतात. काही महिन्यांपूर्वी याच बाळाचे दोन्ही हात एकदमच झाकणावर गेले असते आणि डबाही सोबत उचलला गेला असता. हात असे मोकळे होतात कारण बसताना तोल सांभाळायला त्यांची गरज उरलेली नाही. म्हणजे पाठीच्या आणि कमरेच्या स्नायूंची गोष्टही हातांच्या कामातच वाचायला मिळते. झाकण तोंडात जाणं ही वाईट सवय नव्हे. या वयात ओठ आणि जीभ हीसुद्धा वस्तू तपासायची साधनं असतात. डबा, आई, डबा, आई अशी फिरणारी नजर आणि मधला 'अं' हे बोलणंच आहे. फक्त त्यात अजून शब्द आलेला नाही. झाकणाला सुलटी आणि उलटी बाजू असते, हे मात्र बाळाला अजून उमगलेलं नाही. ते दाबण्याचा जोर वाढवतं, बाजू बदलत नाही.

एवढं सगळं चार मिनिटांत दिसलं. पण आईने मदतीला हात घातला असता, तर यातलं निम्मंसुद्धा दिसलं नसतं.

(पडद्यावर: बाळाच्या बाजूला, थोड्या अंतरावर भिंतीला टेकून बसलेली व्यक्ती. मांडीवर वही.)

बसायचं ते बाळाच्या समोर नाही, बाजूला. अंतर दोन-तीन मीटर. समोर बसलात की बाळ तुमचा चेहरा वाचायला लागतं आणि तुम्ही खेळाचा भाग होता. बाळ जवळ आलं तर तोंड फिरवू नका, ते क्रूर आहे. थोडंसं हसा, प्रतिसाद द्या आणि तसं झाल्याचं वहीत लिहा. एका वेळी ५ ते १० मिनिटं पुरतात. त्यापुढे लिहिणारा दमतो आणि गाळलेल्या जागा कल्पनेने भरायला लागतो.

लिहायला सुरुवात करण्याआधी पानाच्या डोक्यावर तारीख, वेळ, महिने आणि दिवसांत वय, खोलीत कोण होतं, शेवटची झोप आणि शेवटचं खाणं किंवा दूध कधी झालं, ताप किंवा नुकतीच लस. या ओळी कंटाळवाण्या वाटतात, पण पुढे वाचणाऱ्याला त्याच उपयोगी पडतात. लसीनंतर दोन दिवस चिडचिडं झालेलं बाळ आणि महिनाभर चिडचिडं असलेलं बाळ यांतला फरक फक्त त्या ओळींमुळे कळतो. नवजात बाळाबाबत तर हे आणखी महत्त्वाचं. गाढ झोप, उथळ झोप, पेंग, शांत जागेपण, चुळबुळीचं जागेपण आणि रडणं अशा सहा अवस्थांमधून ते फिरत असतं. चेहऱ्याकडे टक लावून बघणं, आवाजाच्या दिशेने वळणं हे सगळं शांत जागेपणात सर्वांत चांगलं दिसतं. पेंगुळलेल्या बाळाला खुळखुळा दाखवून "लक्ष देत नाही" असं लिहिणं हा बाळावर अन्याय आहे.

वेळेआधी जन्मलेल्या बाळाचं वय दोन प्रकारे लिहायचं. समजा जन्म ३२ आठवड्यांचा आहे. पूर्ण गर्भारपणाच्या ४० आठवड्यांमधून ३२ गेले, राहिले ८ आठवडे. जन्मतारखेने सहा महिने झालेल्या या बाळाकडून साधारण चार महिन्यांच्या बाळाइतकी अपेक्षा ठेवायची. ही दुरुस्ती दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत करतात. ती न केल्यामुळे कितीतरी घरांत विनाकारण काळजी शिरते.

(पडद्यावर: जुन्या हस्तलिखित वहीची पानं, शाईचे डाग. प्रतीकात्मक दृश्य.)

मुलांच्या अशा वह्या जुन्या आहेत. चार्ल्स डार्विन यांच्या पहिल्या मुलाचा जन्म डिसेंबर १८३९ मधला. त्याच्याविषयी त्यांनी ठेवलेल्या नोंदी लेखरूपात छापल्या गेल्या त्या १८७७ मध्ये. त्यातली एक नोंद अशी: सातव्या दिवशी उघड्या तळपायाला कागदाचा तुकडा लावला, तेव्हा बाळाने पाय झटक्यात मागे घेतला आणि बोटं आत वळवली. सातवा दिवस, कागदाचा तुकडा, पाय, बोटं. आजही या नोंदीत दुरुस्ती करायला जागा नाही. पुढे जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ विल्हेल्म प्रायर यांनी मुलाच्या नियमित निरीक्षणांवरचं पुस्तक १८८२ मध्ये काढलं, आणि स्विस मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांनी स्वतःच्या तीन मुलांच्या बारीक नोंदींवरून बाळाच्या विचारांच्या वाढीचा सिद्धान्त उभा केला. या वह्यांची ताकद होती जवळीक, आणि उणीवही तीच. एका घरातलं मूल म्हणजे सगळी मुलं नव्हेत.

म्हणून मोठ्या संख्येने मुलं पाहावी लागली. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतल्या ८१६ मुलांच्या हालचालींचा अभ्यास करून २००६ मध्ये तो प्रसिद्ध केला. कोणती गोष्ट कोणत्या वयात आली, ते त्यात पाहा. आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिने. हात-गुडघ्यांवर रांगणं ५.२ ते १३.५. एकट्याने चालणं ८.२ ते १७.६. एक मूल नवव्या महिन्यात चालतं, दुसरं सतराव्यात, आणि दोघंही ठीक असतात. ४.३ टक्के मुलं तर हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. कुणी बसून सरकलं, कुणी थेट उभं राहिलं. शेजारच्या मुलाशी तुलना करताना हे आकडे डोळ्यांसमोर ठेवा.

याच अभ्यासातून आणखी एक गोष्ट उचलावी, ती म्हणजे व्याख्या. "बसतं" म्हणजे काय? मान ताठ, हात न टेकता किमान १० सेकंद. "रांगतं" म्हणजे पोट जमिनीला न लागता, सलग किमान तीन वेळा हात-गुडघा पुढे. "चालतं" म्हणजे काही न धरता किमान पाच पावलं. व्याख्या नसेल तर आजी म्हणते चालतं, बाबा म्हणतात नाही, आणि दोघंही खरं बोलत असतात.

(पडद्यावर: वहीचं पान, तीन रकाने.)

टप्प्यांची यादी घेऊन बसलात तर "येतं" आणि "येत नाही" एवढ्यावर भागत नाही. तीन खुणा ठेवा: दिसलं, दिसलं नाही, संधी मिळाली नाही. सतत कडेवर असलेल्या बाळाने रांगणं दाखवलं नाही, तर ती तिसरी खूण. ज्याच्या हातात कधी खडू दिलाच नाही, ते रेघोट्या मारत नाही हेही तिसऱ्याच खुणेत. प्रत्यक्षात "येत नाही" लिहिलेल्या कितीतरी नोंदी या तिसऱ्या रकान्यात जायला हव्या असतात.

बोलण्याच्या नोंदीत एक ठरलेली चूक होते. आई हात पुढे करते, चेंडूकडे बघते आणि म्हणते, "चेंडू दे." बाळ चेंडू देतं. वहीत लिहिलं जातं: "सूचना कळते." पण बाळाने शब्द ऐकला की नजर आणि हात वाचला? हात मागे घ्या, नजर बाळाच्या चेहऱ्यावर ठेवा, समोर तीन वस्तू असू द्या आणि मग तेच वाक्य म्हणा. आता दिलं तर शब्द कळला. नाही दिलं तर हावभाव कळले, आणि तीही मोलाचीच नोंद आहे. फक्त ती वेगळी लिहायची.

शब्द कधी मोजायचा? तोच आवाज त्याच वस्तूसाठी, कुणी म्हणून दाखवल्याशिवाय, अनेकदा आला तर. चेंडूला दर वेळी "दू" म्हणत असेल तर तो शब्दच. घरात दोन भाषा असतील तर दोन्हींतले शब्द मिळून मोजायचे. एकाच भाषेतले मोजले की मूल उगाच मागे पडलेलं दिसतं.

(पडद्यावर: पाळणाघरातली खोली. दीड-दोन वर्षांची चार मुलं, एक टोपली खेळणी.)

अधूनमधून घडणाऱ्या वागण्यासाठी, उदाहरणार्थ चावणं, वेगळी पद्धत लागते. दर वेळी तीन गोष्टी लिहायच्या: आधी काय झालं, मुलाने काय केलं, नंतर काय झालं. सोबत घड्याळातली वेळ. "आज पुन्हा चावला" या नोंदीचा उपयोग शून्य. "११.४०. दुसऱ्याने हातातली गाडी ओढली. याने 'आ' म्हणून ओरडून गाडी घट्ट धरली. दुसऱ्याने पुन्हा ओढली. दंडाला चावला. दुसऱ्याने गाडी सोडली." अशा आठ-दहा नोंदी शेजारी ठेवल्या की बहुधा काहीतरी दिसतं. जेवणाआधीची भुकेची वेळ, एकच खेळणं, आणि "माझं आहे" म्हणायला न आलेले शब्द. शिवाय शेवटचं वाक्य नीट वाचा: चावल्यावर गाडी मिळाली. मुलाच्या दृष्टीने उपाय लागू पडला. मग काम मुलाच्या स्वभावावर करायचं नसतं. जेवणाची वेळ, खेळण्यांची संख्या आणि "नको", "माझं" हे दोन शब्द, यांवर करायचं असतं.

जे वागणं बराच वेळ चालतं, जसं एकट्याने खेळणं किंवा इतरांसोबत खेळणं, त्यासाठी घड्याळ लावा. १० सेकंद बघा, २० सेकंद लिहा, असं दहा मिनिटं. वीस नोंदी होतात. दुर्मिळ प्रसंगांना ही रीत लागू पडत नाही, ते नेमके लिहिण्याच्या २० सेकंदांत घडून जातात.

मोबाइलने चित्रण करत असाल तर तो जमिनीजवळ, बाळाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. वरून घेतलेल्या चित्रणात डोक्याचा मागचा भाग दिसतो, हात नाहीत. सुरुवातीचा मिनिटभर बाळ मोबाइलकडेच बघेल, तो सोडून द्या. आणि मागून "दाखव, दाखव, टाळ्या वाजव" म्हणू नका. सांगून केलेलं आणि आपणहून केलेलं या दोन वेगळ्या नोंदी आहेत.

(पडद्यावर: टेबलावर उघडी वही. एका पानावर तारखांची रांग.)

अर्थ लावायला महिन्यातून एकदा बसा, आणि शक्यतो दोघांनी. प्रत्येक अर्थासमोर किमान दोन कारणं लिहायची शिस्त ठेवा. "नावाने हाक मारली, वळलं नाही." कारण एक, खेळात बुडालेलं होतं. कारण दोन, टीव्ही चालू होता. कारण तीन, ऐकू कमी येतं. पुढचं निरीक्षण यातूनच ठरतं: शांत खोली, हातात खेळणं नाही, पाठीमागून नेहमीच्या आवाजात हाक, वेगवेगळ्या दिवशी. तरीही वळत नसेल तर थांबू नका, कान तपासून घ्या. बोलणं उशिरा येणाऱ्या प्रत्येक मुलाची श्रवणचाचणी आधी व्हायला हवी, बाकी अंदाज नंतर.

काही नोंदी मात्र महिनाअखेरपर्यंत ठेवायच्या नसतात. येत असलेली गोष्ट गेली, म्हणजे बोलत असलेले शब्द थांबले, बघून हसणं थांबलं, चालणं बिघडलं, तर कोणत्याही वयात लगेच डॉक्टरांकडे. वर्ष होण्याआधीच एकच हात वापरला जातोय आणि दुसरी मूठ मिटलेली राहते, तेव्हाही. बारा महिन्यांपर्यंत बडबड नाही, बोट दाखवणं किंवा टाटा करणं यांसारखे हावभाव नाहीत, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, अठरा महिन्यांपर्यंत चालणं नाही, दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्दांची जोडणी नाही, तर तपासणी हवी. ही निदानं नाहीत, दार ठोठावायच्या वेळा आहेत. डॉक्टरांसमोर दहा मिनिटं असतात आणि अनोळखी खोलीत मूल काहीच करून दाखवत नाही. तिथे तारखांसह दोन पानं आणि घरचं दोन मिनिटांचं चित्रण फार कामाचं ठरतं.

(पडद्यावर: तेच बाळ, तोच डबा.)

वय ११ महिने २७ दिवस. वेळ १०.१५, झोप होऊन अर्धा तास, खोलीत आई. नोंद अशी:

"डाव्या हाताने डबा धरतं, उजव्याने झाकण काढतं, पहिल्याच ओढीत. झाकण तोंडात नाही. डब्यावर ठेवतं, उलटं. एकदा दाबतं. थांबतं. झाकण उचलून डोळ्यांसमोर धरतं, साधारण ४ सेकंद. मनगट फिरवतं. ठेवतं, सुलटं, पण तिरकं. दाबतं. बसत नाही. आईकडे बघत नाही. पुन्हा उचलतं."

(पडद्यावर: बाळाचं मनगट, झाकण फिरताना. दृश्य तिथेच थांबतं.)