एमकॅस गेली नाही, तिची अट गेली

(बॉस्टन परिसरातल्या मराठी पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप. वक्त्या इथल्या सरकारी हायस्कूलमध्ये गणित शिकवतात.)

नमस्कार मंडळी.

"एमकॅस बंद झाली ना हो?" हा प्रश्न मला किराणा दुकानात विचारला गेलाय, गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद घेतानाही विचारला गेलाय. एमकॅस म्हणजे मॅसॅच्युसेट्स राज्य आपल्या सरकारी शाळांतल्या मुलांची घेतं ती परीक्षा. तर आधी तेवढं सांगून टाकते. बंद झालेली नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये 'क्वेश्चन टू' या प्रस्तावावर राज्यातल्या मतदारांचं मतदान झालं, सुमारे ५९ टक्के लोकांनी होकार दिला आणि एकच गोष्ट गेली: दहावीची एमकॅस पास झाल्याशिवाय हायस्कूलचा डिप्लोमा नाही, ही अट. परीक्षा होतेच आहे. हायस्कूलमध्ये एकदा तरी सगळ्या मुलांची इंग्रजी, गणित आणि विज्ञानाची चाचणी घ्या, असं केंद्राचा २०१५ चा कायदा सांगतो. राज्याला नको झाली तरी ती सोडता यायची नाही. आणि सरकारी कॉलेजसाठीची राज्याची ॲडम्स स्कॉलरशिप या दहावीच्या गुणांवर मिळते, म्हणून मुलांना 'आता काय, लिही काहीतरी' असं सांगू नका. (ती स्कॉलरशिप फक्त ट्यूशन, म्हणजे शिकवण्याचं मूळ शुल्क, माफ करते; कॉलेजची बाकीची फी नाही. सरकारी कॉलेजात फीचा आकडा ट्यूशनपेक्षा मोठा असतो. हे कळल्यावर होणारे चेहरे मी पाहिलेत.)

दहावी आणि परीक्षा हे दोन शब्द जवळ आले की आपल्याला एसएससी दिसते. तिथे अर्ध्या टक्क्यावरून कॉलेज हुकतं. एमकॅसची अट त्या जातीची नव्हती. सुरुवातीला २०० ते २८० अशी पट्टी होती, २२० मिळाले की डिप्लोमापुरतं काम झालं. २२० वाला आणि २७८ वाला तिथे सारखेच. नापास झालात तर अकरावीत द्या, बारावीत द्या, शाळा सुटल्यावरही द्या. म्हणून या सभागृहातल्या बहुतेक घरांना ही अट कधी टोचलीच नाही.

टोचली कुणाला? वर्षाला साधारण सातशे मुलांना, म्हणजे राज्यातल्या त्या वर्षीच्या मुलांपैकी एक टक्क्याच्या आसपास. त्यात बहुतेक दोन प्रकारची: नुकती इंग्रजी शिकू लागलेली आणि स्पेशल एज्युकेशनमधली. माझ्या वर्गात ब्राझीलहून आलेला एक मुलगा होता. वय सोळा, संध्याकाळी रेस्टॉरंटमध्ये भांडी घासायचा. समीकरण फळ्यावर लिहिलं की माझं लिहून व्हायच्या आत सोडवायचा. पण एमकॅसच्या गणितात मोठ्या प्रश्नांखाली एक ओळ असते: उत्तर कसं काढलंत ते दाखवा किंवा समजावून सांगा. त्या जागी हा पठ्ठ्या नुसता आकडा लिहून त्याला चौकट करायचा. प्रश्नातली गोष्टच अर्धी कळलेली, समजावणार काय? गणिताची प्रश्नपत्रिका स्पॅनिशमध्ये मिळायची, पोर्तुगीजची सोय नव्हती. इंग्रजीच्या पेपरात तर उतारा वाचून निबंध लिहायचा असतो. सगळे कोर्स पास, हजेरी चोख, आणि जूनमध्ये गाऊन घालून स्टेजवर जायचं की नाही याचा पत्ता नाही.

मी शिक्षक संघटनेची सभासद आहे आणि 'हो' असं मत दिलं. गव्हर्नर मोरा हीली यांनी 'नाही' म्हणा असं सांगितलं होतं, तरी दिलं. पण त्यांच्या बाजूत दम नव्हता असं मी म्हणणार नाही, आणि आज मला खरं बोलायचंय ते त्याच बाजूबद्दल.

ही अट आभाळातून पडली नव्हती. या राज्याची घटना १७८० ची, जॉन ॲडम्सने लिहिलेली, आणि शिक्षण जपणं हे सरकारचं कर्तव्य आहे असं तिच्यात आहे. गरीब गावांतल्या विद्यार्थ्यांनी त्या कलमावर बोट ठेवून दावा लावला. जून १९९३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मॅकडफी खटल्यात सांगितलं की हे कर्तव्य सरकारला लागू आहे, गावाची ऐपत नाही ही सबब चालणार नाही. तीनच दिवसांनी शिक्षण सुधारणा कायद्यावर सही झाली. सौदा सरळ होता: राज्याने गरीब शाळांना भरपूर पैसा द्यायचा आणि त्या बदल्यात मूल शिकलं का याचा हिशेब मागायचा. १९९८ मध्ये एमकॅस सुरू झाली, २००३ च्या बॅचपासून ती डिप्लोमाला जोडली. आता पैसा सुरू आहे. हिशेबाचं काय?

हिशेब ज्या त्या डिस्ट्रिक्टकडे, म्हणजे गावच्या शाळा चालवणाऱ्या स्थानिक यंत्रणेकडे, गेला. अभ्यासक्रम पुरा केला, विषय येतो, असा दाखला आता डिस्ट्रिक्टने द्यायचा. अशी डिस्ट्रिक्ट्स तीनशेहून जास्त. आणि गंमत ऐका. मॅसॅच्युसेट्सच्या कायद्यात हायस्कूलसाठी इतिहास-नागरिकशास्त्राची सक्ती आहे, पीटीची सक्ती आहे, बीजगणिताची नाही! चार वर्षं इंग्रजी, चार वर्षं गणित वगैरे सांगणारा 'मासकोर' आहे, पण तो शिफारस म्हणून. इतकी वर्षं हे कुणाला खटकलं नाही, कारण एमकॅस होती. ती अट काढली आणि खाली काहीच नाही हे उघडं पडलं.

शिक्षकांवर विश्वास ठेवा, असं आमची संघटना म्हणते. ठेवा की. पण शेजारच्या न्यूयॉर्कमध्ये काय झालं तेही बघा. तिथल्या रीजंट्स या राज्याच्या हायस्कूल परीक्षेत पास व्हायला ६५ लागतात, आणि बरीच वर्षं पेपर त्याच शाळेतले शिक्षक तपासत. गणित-विज्ञानात ६० ते ६४ मिळालेला पेपर पुन्हा तपासायचा, असा नियमच होता, २०११ पर्यंत. अर्थशास्त्रज्ञांनी गुणांचा आलेख काढला तर ६५ च्या अलीकडे खड्डा आणि ६५ वर उंचवटा. शिक्षक लबाड होते असं नाही. समोर ६३ वाला ओळखीचा मुलगा असतो, बिचाऱ्याचं वर्ष वाया जाणार असतं, हात सैल सुटतो. आपल्याकडे त्याला ग्रेस मार्क म्हणतात आणि नियम करून देतात. इथे ते गुपचूप चाललं होतं, एवढाच फरक. आता तर न्यूयॉर्कही २०२७-२८ पासून रीजंट्सची अट डिप्लोमावरून काढतंय. कॅलिफोर्नियाने आपली परीक्षा २०१५ मध्येच थांबवली आणि आधीच्या वर्षांत तिच्यापायी अडकलेल्यांनाही मागाहून डिप्लोमे दिले.

सामाईक परीक्षा नसली की काय होतं हे महाराष्ट्राने एकदा पाहिलंय. २०१९ मध्ये भाषांचे, शाळाच देत असलेले तोंडीचे २० गुण काढले, तर दहावीचा निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. २०२१ मध्ये कोविडमुळे परीक्षाच नाही, शाळांनी अंतर्गत गुण दिले: निकाल ९९.९५ टक्के. मग अकरावीचे प्रवेश कशावर द्यायचे म्हणून सरकारने सीईटी काढली. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये ती रद्द केली. एक परीक्षा गेली की तिच्या जागी दुसरी उभी करायची घाई होते.

इथेही तेच चाललंय. गव्हर्नरांनी २०२५ च्या जानेवारीत एक परिषद नेमली, डिसेंबरमध्ये तिच्या शिफारशी आल्या: मासकोरसारखा अभ्यासक्रम सगळ्यांना, कॅपस्टोन (शेवटी करायचा मोठा प्रकल्प) किंवा पोर्टफोलिओ (मुलाच्या निवडक कामाचा संग्रह), आणि ठरावीक कोर्सच्या शेवटी राज्याने काढलेली, राज्यानेच तपासलेली परीक्षा. संघटनेला ती परीक्षा नको आहे. मला चालेल, पण कशी, हे महत्त्वाचं. टेक्सासमध्ये अशा पाच परीक्षा पास कराव्या लागतात. आधी पंधरा ठरवल्या होत्या, पालक उठले तेव्हा २०१३ मध्ये पाचवर आणल्या. तरी मुलं अडकायला लागली, म्हणून २०१५ पासून दोन विषयांपर्यंत राहिलेल्यांसाठी शाळेत समिती बसते आणि मुलाचं बाकीचं काम पाहून ठरवते. म्हणजे आधी दार बंद करायचं आणि मग खिडकीतून आत घ्यायचं. फ्लोरिडात बीजगणितासारख्या काही कोर्समध्ये शेवटची परीक्षा त्या कोर्सच्या ३० टक्के धरतात. पासची अटही तिथे आहे, ती मला नको. पण ३० टक्क्यांची कल्पना चांगली आहे. माझे ७० गुण आणि राज्याचे ३० शेजारी ठेवले की माझा हात किती सैल आहे ते सगळ्यांना दिसेल, आणि माझा तो ब्राझीलचा मुलगा एका दुपारच्या पेपरावर अडकणार नाही.

या शिफारशींचं पुढे काय करायचं ते विधिमंडळ ठरवेल. तोवर तुमच्या गावची स्कूल कमिटी, म्हणजे डिस्ट्रिक्टचा कारभार पाहणारी समिती, ठरवतेय की कुठले कोर्स, किती ग्रेडने पास झाले म्हणजे पुरे. तो ठराव डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर असतो. मी आमच्या गावचा वाचला. गणिताच्या रकान्यात एका कोर्सचं नाव आणि 'पास' एवढंच होतं. कमिटीच्या बैठकीत नागरिकांना बोलायला तीन मिनिटं मिळतात. मी गेले तेव्हा बोलणारी मी एकटीच होते.