महापौराचं बटण यंत्रावर नसतं

(दृश्य : सकाळचा कचराळी तलाव. फेऱ्या मारणारी माणसं. पलीकडे ठाणे महापालिकेची इमारत.)

ठाण्याचा महापौर कोण व्हावा, हे या तलावाभोवती फिरणाऱ्यांना कुणी विचारत नाही. मतदान यंत्रावर त्या पदाचं बटणच नसतं. महापौराची निवड करतात नगरसेवक.

याच जिल्ह्यात बदलापूरचा मतदार नगराध्यक्ष थेट निवडतो. शहापूर, मुरबाडच्या गावांत सरपंचासाठी वेगळं मत पडतं. थेट सरपंच २०१७ मध्ये आला, २०२० मध्ये गेला, २०२२ मध्ये परत आला. महानगराच्या वाट्याला मात्र फक्त नगरसेवक.

(दृश्य : मतदान केंद्राबाहेरची रांग.)

तेही चार-चार. ठाण्यात १३१ नगरसेवक. ३२ प्रभागांतून प्रत्येकी चार, एका प्रभागातून तीन. अ, ब, क, ड अशा जागा, प्रत्येकीसाठी वेगळं बटण. पहिलं दाबून 'झालं' म्हणत निघणाऱ्या आजीला कर्मचारी थांबवतात : "आजी, अजून तीन बाकी आहेत."

उभं कोण राहू शकतं? वय २१ पूर्ण हवं, नाव शहराच्या मतदार यादीत हवं. प्रभाग स्वतःचाच हवा असं नाही. कळव्याचा मतदार घोडबंदरला अर्ज भरू शकतो. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं असेल, तर दार बंद. मालमत्ता आणि गुन्ह्यांची माहिती शपथपत्रावर द्यायची. राखीव जागेवर जात वैधता प्रमाणपत्राचा प्रश्न येतो, आणि तो निकालानंतरही सुटत नाही. मुदतीत प्रमाणपत्र आलं नाही, तर निवडून आलेल्याचंही पद जातं. अर्ज भरण्याच्या दिवसांत उमेदवारापेक्षा त्याची फाईल सांभाळणारा माणूस जास्त धावत असतो.

(दृश्य : मंत्रालयाचं प्रवेशद्वार.)

महापौरपद अडीच वर्षांचं. ते कुणासाठी राखीव, हे सोडतीत ठरतं, नगरविकास विभागाच्या चिठ्ठ्यांवर. २०२६ मध्ये ठाण्या-नवी मुंबईचं मतदान झालं १५ जानेवारीला आणि सोडत निघाली त्यानंतर. म्हणजे मत देताना महापौर कोण होऊ शकतो, हे कुणालाच माहीत नव्हतं. आरक्षण हवंच, त्यामुळेच सभागृहात निम्म्या जागांवर बायका बसतात. पण सोडत मतदानाआधी काढली असती, तर मतदाराला निदान अंदाज बांधता आला असता. मला हे मनापासून खटकतं.

(दृश्य : बेलापूरचं कोकण भवन.)

निकाल लागला की गाड्या इकडे वळतात. नगरसेवकांचे गट इथे, विभागीय आयुक्तांकडे नोंदवले जातात. गट नोंदला की पक्षादेश, म्हणजे व्हिप, लागू. तो मोडणाऱ्याचं पद धोक्यात.

आणि एवढं करून महापौराच्या हाती काय येतं? सभेचं अध्यक्षपद आणि शहराचा मान. कारभाराचे अधिकार आयुक्तांकडे, ज्यांना राज्य सरकार नेमतं. मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षं ठाण्यात आणि मे २०२० पासून नवी मुंबईत प्रशासकच कारभार पाहत होते. गटार तुंबलं की ज्याचं दार वाजवायचं, तो नगरसेवकच त्या काळात नव्हता.

(दृश्य : सभागृह. विशेष सभा. पीठासीन अधिकारी खुर्चीत.)

आता नावं पुकारली जातात. गुप्त मतदान नाही. नगरसेवकांनी हात वर करायचे, अधिकाऱ्यांनी मोजायचे. १३१ पैकी ६६ हात वर आले की शहराला महापौर मिळतो.