नवाचा पाढा आणि ४३३ विजेते

मंडळी, लॉटरी म्हटलं की आपल्या मुंबईत पुढचा शब्द ठरलेला : सेटिंग. म्हाडाच्या सोडतीत शेजाऱ्याला घर लागलं तरी सेटिंग, आपल्याला नाही लागलं तर नक्कीच सेटिंग. या संशयाला मी वेडेपणा म्हणणार नाही. पण तो बहुतेक वेळा आकड्याकडे बघत बसतो, आणि आकड्यात काही नसतं.

१ ऑक्टोबर २०२२ ला फिलिपिन्सच्या सरकारी लॉटरीत ५५ पैकी सहा आकडे निघाले : ९, १८, २७, ३६, ४५, ५४. चक्क नवाचा पाढा! वर ४३३ जणांनी नेमके हेच लावलेले. बक्षीस साडेतेवीस कोटी पेसोंच्या वर. वाटणीला आले प्रत्येकी साडेपाच लाखांच्या आसपास. सिनेटमध्ये चौकशीची मागणी झाली.

आता बघा. ५५ मधून सहा आकडे निवडायचे २,८९,८९,६७५ प्रकार. पाढा हा त्यातला एक. ३, १४, २२, ३१, ४०, ५२ हाही एकच. दोघांची शक्यता तंतोतंत सारखी, पण हा दुसरा निघाला असता तर कुणी ढुंकून पाहिलं नसतं. चेंडूंना पाढे येत नाहीत हो, पाढे येतात तिकीट घेणाऱ्याला! ती ४३३ जणांची गर्दी तिकडून आली. आणि ज्याने सोडत फिरवली असेल, तो स्वतःच्या बक्षिसात ४३२ वाटेकरी कशाला घेईल?

बल्गेरियात सप्टेंबर २००९ मध्ये लागोपाठच्या दोन सोडतींत तेच सहा आकडे आले. तिथे ४२ मधून सहा, म्हणजे बावन्न लाखांत एक. मंत्र्यांनी चौकशी लावली, गैरप्रकार सापडला नाही. पण बावन्न लाख हा हिशेब याच देशाचा, याच आठवड्याचा. अशा सुमारे २,७०० सोडती झाल्या की त्यातल्या कुठल्या तरी दोन जुळण्याची शक्यता निम्मी होते. लागोपाठच्या जुळणं याहून कितीतरी दुर्मीळ, हे खरं. पण जगभर किती लॉटऱ्या, किती वर्षं चालू आहेत!

याउलट अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याची लॉटरी, २४ एप्रिल १९८०. आकडा निघाला ६६६. शक्यता हजारात एक, १७३ ची असते तेवढीच. आणि हा मात्र अस्सल घोटाळा होता. ४ आणि ६ सोडून बाकीच्या चेंडूंत रंग टोचून ते जड केले होते, म्हणजे हलके ४ आणि ६ च वर यावेत. पुरावा आकड्याच्या विचित्रपणात नव्हता. ४ आणि ६ यांच्या आठच जुळण्यांवर कुणीतरी भरमसाट तिकिटं घेतली होती, आणि चेंडूंपर्यंत कुणाचा तरी हात पोचला होता.

आपल्या मटक्याची सुरुवात आठवा. न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर आकडा लागायचा. बेकायदा धंदा, पण त्या भावापर्यंत इथल्या कुणाचा हात पोचणं कठीण, हे खेळणाऱ्याला कळत होतं. म्हाडाच्या सोडतीबद्दलही मी हेच विचारीन : पात्र अर्जदारांची यादी सोडतीआधी जाहीर झाली का? नंतर तीत नाव घुसवता येतं का?

मागून एक काका विचारतायत, ‘मग १, २, ३, ४, ५, ६ लावू का?’ लावा की! लागायची शक्यता तीच. फक्त हा विचार तुमच्यासारख्या हजारोंनी केलेला असणार, तेव्हा वाटणीची तयारी ठेवा. आणि वाढदिवसाच्या तारखा टाळा. ३१ च्या वरचे आकडे लोक कमी लावतात.