एक डॉलरच्या रेकॉर्ड्स आणि ख्रिसमसची गाणी

मंडळी, माझ्याकडे महागडं असं काही नाही हे आधीच सांगतो. बहुतेक रेकॉर्ड्स एकेका डॉलरच्या, इथल्याच थ्रिफ्ट स्टोअर्समध्ये, म्हणजे वापरलेल्या वस्तूंच्या दुकानांत, मिळालेल्या. जुने कोट, कपबश्या, त्यांच्या मागे जमिनीवर खोकी असतात, तिथे गुडघे टेकून बसायचं आणि एकेक कव्हर पुढे सरकवत जायचं, अर्ध्या तासात बोटं काळी होतात. त्यात ख्रिसमसच्या रेकॉर्ड्स सगळ्यात जास्त, कारण जानेवारी उजाडला की त्यांना कुत्रं विचारत नाही.

आता एवढ्या आल्या कुठून? आपण अमेरिकेत ओहायोत राहतो ना, तर उत्तर जवळच आहे, अ‍ॅक्रनला. टायरचं गाव. १९६१ ला गुडइयरने कोलंबिया रेकॉर्ड्सकडून ख्रिसमसच्या गाण्यांची एलपी, म्हणजे मोठी रेकॉर्ड, बनवून घेतली आणि आपल्या टायरच्या दुकानांमध्ये एक डॉलरला विकायला ठेवली. फायरस्टोन पण अ‍ॅक्रनचीच, ते कसे गप्प बसतील, पुढच्याच वर्षी त्यांची एलपी आली. मग दरवर्षी नवा भाग, नामवंत गायक, फायरस्टोनसाठी तर जूली अँड्र्यूज गायलीय. लोक गाण्यांसाठी टायरच्या दुकानात जायचे, विचार करा! लाखांनी खपल्या, म्हणून आज प्रत्येक खोक्यात दोन-चार असतातच. छान आहेत, मी ऐकतो, पण त्या वाचवायला माझी गरज नाही.

माझा जीव अडकलाय तो दुसऱ्या प्रकारात. चर्चच्या कॉयरने म्हणजे गाणाऱ्यांच्या गटाने, शाळेच्या बँडने स्वतः पैसे भरून काढलेल्या रेकॉर्ड्स. आपल्या सिनसिनाटीला राइट नावाची कंपनी होती, टेप पाठवा, पैसे भरा, ते रेकॉर्ड छापून द्यायचे. अशा रेकॉर्ड्स थोड्याच निघायच्या, चर्चच्या लोकांनीच घ्यायच्या, संपलं. कव्हर साधं, मागे गाणाऱ्यांची नावं टाइप केलेली, कधी कोपऱ्यात पेनने लिहिलेलं, आजीला, ख्रिसमस १९६८. ती आजी गेली, घर विकलं, आणि ही रेकॉर्ड खोक्यात. कुठलीही कंपनी ही परत काढणार नाहीये.

आणि रेकॉर्ड झिजते हो. बिंग क्रॉसबीचं व्हाइट ख्रिसमस सगळ्यांना माहितीय, ते १९४२ ला रेकॉर्ड झालं होतं, पण त्यावरून इतक्या प्रती काढल्या की मूळ मास्टरच खराब झालं आणि १९४७ ला त्याच्याकडून परत गाऊन घ्यावं लागलं, आज आपण बहुतेक वेळा ऐकतो ते हे दुसरं. त्याला परत बोलावता आलं. या कॉयरला कोण बोलावणार?

म्हणून मी या रेकॉर्ड्स कॉम्प्युटरवर घेतो. आधी डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ कापड, पुसायचं ते खाचांच्या दिशेने, आडवं कधीच नाही. एक बाजू वीस-पंचवीस मिनिटांची, तेवढा वेळ खोलीत पाय वाजवायचा नाही, सुई लगेच उडते. शेवटच्या गाण्याकडे कान ठेवायचा, आत लेबलजवळ खाचेचा घेर लहान होतो म्हणून आवाज तिथे फाटतो, आणि नेमकं सायलेंट नाइट सगळे शेवटीच ठेवतात.

सुरुवातीला माझी एक मोठी चूक झाली. हँडबेल्सची एक रेकॉर्ड होती, पंधरा-वीस माणसं हातात काशाच्या घंटा घेऊन कॅरल, म्हणजे ख्रिसमसची गाणी, वाजवतात. खरखर फार होती म्हणून मी ती घालवणारा फिल्टर जोरात लावला आणि खूश झालो, एकदम स्वच्छ. दुसऱ्या दिवशी ऐकतो तर घंटांचा टोलच गेलेला! टण मधला ट गायब, नुसता ण. प्रोग्रॅमला तो ठोका आणि ओरखड्याचा टिक सारखेच वाटले. तेव्हापासून मूळ फाइल जशीच्या तशी वेगळी ठेवतो आणि मोठे ओरखडे तेवढे हाताने एकेक काढतो, थोडी खरखर राहिली तर राहू दे, मला चालते.

आता शेअर करायचं. हे नीट ऐका, कारण जुनं आहे म्हणजे फुकट आहे असं सगळ्यांना वाटतं. अमेरिकेत १९२३ ची रेकॉर्डिंग्ज १ जानेवारी २०२४ ला कॉपीराइटमधून मोकळी झाली, पण १९५७ पासून फेब्रुवारी १९७२ पर्यंतची थेट २०६७ पर्यंत बंद! म्हणजे माझं जवळजवळ सगळं कपाट. कॅरल दोनशे वर्षं जुनं असेल, गाण्यावर हक्क नसेल, तरी त्या आवाजावर असतो. म्हणून मी चर्चला पत्र लिहितो, फाइल पाठवतो आणि विचारतो, लोकांना ऐकवू का? काही ठिकाणी उत्तरच येत नाही, मग ती रेकॉर्ड माझ्याकडेच राहते, वाईट वाटतं पण राहते.

हँडबेल्सवाल्या चर्चचं उत्तर चार दिवसांत आलं. जरूर ऐकवा म्हणाले, आणि खाली लिहिलं होतं की दुसऱ्या बाजूला जो पाइप ऑर्गन वाजतोय तो छप्पर गळून भिजला, नंतर काढूनच टाकला, त्याचा आवाज आमच्याकडे कुठेच नव्हता. ती ओळ मी कितीदा वाचली असेन.

तीच रेकॉर्ड आज आणलीय. दिवे राहू देत, फक्त पंखा बंद करा कोणीतरी. दुसरी बाजू लावतो, आधी थोडी खरखर येईल, मग कोणीतरी खोकेल, आणि लगेच ऑर्गन.